खिडकी मध्येच उघडते तेव्हा

आमच्या प्रयोगशाळेत अतिशय कमी तापमानाला धातूंचा विद्युतरोध मोजण्याचे प्रयोग चालतात. त्यासाठी द्रवरूप हेलियम लागतो. तो उणे २६९ अंश सेल्सिअसला उकळतो, त्यामुळे कितीही चांगल्या भांड्यात ठेवला तरी हळूहळू उडून जातो, आणि तो स्वस्तही नसतो. काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी आम्ही असा एक प्रयोग सुरू करून घरी गेलो. रात्रभर संगणकाने दर मिनिटाला एक नोंद घ्यायची आणि सकाळी आम्ही येऊन आलेख पाहायचा, असा बेत होता. सकाळी येऊन पाहतो तो हेलियम संपलेला, आणि नोंदी मात्र रात्री बारा वाजून दहा मिनिटांपर्यंतच्याच. पडद्याच्या मधोमध एक छोटी चौकट उघडलेली होती. प्रिंटरमधला कागद संपला आहे, असे ती नम्रपणे सांगत होती. खाली एकच बटण होते, 'ओके'. ते दाबायला रात्री तिथे कोणी नव्हते आणि ते दाबले जाईपर्यंत पुढचे काही करायचे नाही, असे प्रोग्रॅमने ठरवले होते.

प्रिंटरचा त्या प्रयोगाशी काडीचाही संबंध नव्हता. आम्ही हळहळलो, चिडलो, आणि मग आम्हाला प्रश्न पडला की काम चालू असताना मध्येच खिडकी उघडून माणसाला थांबवायची ही रीत संगणकात आली तरी कुठून? शोध घेऊ लागलो तेव्हा लक्षात आले की या गोष्टीचे दोन भाग आहेत. आधी माणसाने संगणकाला व्यत्यय सहन करायला शिकवले. संगणक माणसाला व्यत्यय आणू लागला तो नंतर.

पहिला भाग समजण्यासाठी आपल्या वर्गाचेच उदाहरण घेऊ. शिक्षक फळ्यावर गणित सोडवत आहेत आणि शिपाई सूचनावही घेऊन दाराशी येतो. शिक्षक हातातली पायरी पुरी करतात, कुठवर आलो ते मनाशी पक्के करतात, सूचना वाचून दाखवतात, सही करतात आणि पुन्हा त्याच पायरीपासून पुढे जातात. शिपाई नसता तर काय झाले असते? शिक्षकांना दर पाच मिनिटांनी स्वतः कार्यालयात जाऊन 'काही सूचना आहे का?' असे विचारावे लागले असते. सुरुवातीचे संगणक नेमके हेच करत. छिद्रपट्टी वाचणारे यंत्र संगणकाच्या मानाने फारच मंद असे. त्याच्याकडून पुढचा आकडा आला का, हे संगणक पुनःपुन्हा विचारत राही आणि त्या विचारण्यातच त्याचा बराच वेळ जाई.

यावर उपाय म्हणून १९५० च्या दशकात यंत्रात 'इंटरप्ट' म्हणजे व्यत्ययाची सोय आली. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने १९५४ मध्ये बांधलेल्या 'डायसीॲक' या संगणकात माहितीची देवघेव करणारे यंत्र मुख्य कामाला मध्येच थांबवू शकत असे. १९५६ च्या 'युनिव्हॅक ११०३ए' या संगणकाची हकिकत अधिक बोलकी आहे. नासाची पूर्वसंस्था असलेल्या 'नाका'च्या क्लीव्हलंड येथील प्रयोगशाळेत वातबोगद्यातील चाचण्यांची मापने ती घडतील त्याच क्षणी टिपायची होती. वारा काही संगणकाची सवड पाहून वाहत नाही! एरवी संगणकाने दुसरी गणिते करत बसावे आणि वातबोगद्याकडून संकेत आला की ती बाजूला ठेवून मापने घ्यावीत, अशी व्यवस्था तिथे झाली.

ही व्यवस्था आतून कशी चालते ते पाहण्यासारखे आहे. प्रत्येक आज्ञा पुरी झाल्यावर संगणक एका तारेवर संकेत आला आहे का, ते तपासतो. आज्ञेच्या मध्यावर तो थांबत नाही. संकेत असला तर पुढची आज्ञा स्मृतीत कुठे आहे तो पत्ता आणि हाताशी असलेले आकडे तो नीट लिहून ठेवतो. मग आलेल्याचे काम करतो, लिहून ठेवलेले परत जागच्या जागी मांडतो आणि जणू काही घडलेच नाही अशा रीतीने पुढे चालू लागतो. काही नाजूक कामांच्या वेळी तो दार लावूनही घेऊ शकतो. मग संकेत बाहेर ताटकळत राहतो. शिवाय कोणाचा व्यत्यय अधिक महत्त्वाचा, याचीही उतरंड असते.

हे सगळे जमवणे सोपे नव्हते. डच शास्त्रज्ञ एड्सखर डायक्स्ट्रा यांनी 'एक्स १' या संगणकासाठी व्यत्यय हाताळणारा प्रोग्रॅम लिहिला आणि त्याच विषयावर १९५९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. या कल्पनेची प्रथम आपल्याला भीतीच वाटली होती, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. व्यत्यय कोणत्या क्षणी येईल हे सांगता येत नाही. त्यामुळे त्यातून एखादी चूक घडली तर ती पुन्हा तशीच घडवून पाहता येत नाही, आणि जी चूक पुन्हा घडवता येत नाही ती शोधायची कशी? मूळ कामाला आपण थांबवले गेलो होतो याचा पत्ताही लागता कामा नये, इतकी काटेकोर व्यवस्था त्यांना करावी लागली. यंत्राच्या बाबतीत अभियंत्यांनी दाखवलेली ही आस्था वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढे माणसाची पाळी आली तेव्हा ती फारशी दिसत नाही.

त्याला एक ठळक अपवाद आहे आणि तो चंद्राच्या वाटेवरचा आहे. अपोलो यानातील संगणकाचा प्रोग्रॅम मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेत लिहिला गेला. ते काम करणाऱ्या गटाच्या प्रमुख होत्या मार्गारेट हॅमिल्टन. अंतराळवीरांसमोर आकडे दाखवणारी एक छोटी पाटी आणि काही कळा, एवढेच साधन होते. हॅमिल्टन यांनी अशी योजना केली की काही गंभीर बिघाड झाल्यास पाटीवरचे नेहमीचे आकडे बाजूला सारून धोक्याची सूचना झळकेल. म्हणजे संगणकाने आपण होऊन माणसाचे काम मध्येच थांबवायचे. मात्र यात एक खोच होती. समजा, अंतराळवीर नेहमीच्या आकड्यांना उत्तर म्हणून कळ दाबतो आहे आणि नेमक्या त्याच क्षणी पाटी बदलली. त्याची कळ मग कशाचे उत्तर मानायचे? त्याने एका प्रश्नाला दिलेला होकार संगणक दुसऱ्याच प्रश्नाला लावून मोकळा व्हायचा. म्हणून सूचना झळकल्यावर पाच अंक मोजा आणि मगच कळ दाबा, असे अंतराळवीरांना सांगण्याचे ठरले.

२० जुलै १९६९ रोजी 'ईगल' चंद्राकडे उतरत असताना '१२०२' हा इशारा आला, ही हकिकत अनेकांना ठाऊक असेल. एका रडारकडून येणाऱ्या निरर्थक संकेतांनी संगणकाचा वेळ खाल्ला होता आणि सगळी कामे वेळेत पुरी होईनात. संगणकाने कमी महत्त्वाची कामे टाकून दिली, महत्त्वाची पुन्हा सुरू केली आणि तसे सांगितले. पृथ्वीवरच्या नियंत्रण कक्षाने उतरण्यास संमती दिली. सांगण्याजोगे होते म्हणूनच संगणक मध्ये बोलला, असे त्या इशाऱ्याबद्दल म्हणता येते.

आपल्या परिचयाची खिडकी मात्र चंद्राच्या वाटेवरून आलेली नाही. ती आली झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातून. तेथे १९७३ मध्ये 'अल्टो' हा संगणक तयार झाला. त्याच्या पडद्यावर ६०६ गुणिले ८०८ ठिपके होते. प्रत्येक ठिपका काळा की पांढरा हे लक्षात ठेवायला एक बिट, म्हणजे एकंदर ४,८९,६४८ बिट लागत. आठाने भागले तर ६१,२०६ बाइट होतात. संगणकाची सारी स्मृती होती १२८ किलोबाइट! म्हणजे जवळजवळ निम्मी स्मृती नुसता पडदा रंगवण्यात जाई. त्या काळी हा उधळेपणा वाटला असेल, पण त्यामुळेच पडद्यावर एका कागदावर दुसरा ठेवावा तशा एकमेकींवर सरकणाऱ्या खिडक्या काढता आल्या. डॅन इंगॉल्स यांनी पडद्यावरचा कोणताही चौकोनी तुकडा झटकन उचलून दुसरीकडे ठेवण्याची 'बिटब्लिट' नावाची युक्ती काढली. वरची चौकट मिटल्यावर खालचे चित्र जसेच्या तसे परत दिसायला हवे, तर ते आधी कुठेतरी उतरवून ठेवायला हवे आणि क्षणात परत आणायला हवे. हे जमले आणि 'पॉप-अप' म्हणजे टपकन वर येणारी यादी जन्माला आली. माऊसचे बटण दाबावे, हाताशीच पर्यायांची यादी उघडावी, हवे ते निवडून बटण सोडताच ती नाहीशी व्हावी. ही पहिली पॉप-अप खिडकी बोलावल्याखेरीज येत नव्हती.

त्याच केंद्रात लॅरी टेस्लर नावाचे संशोधक होते. त्यांचे एका गोष्टीशी हाडवैर होते. एकच कळ कधी एक काम करते आणि कधी दुसरेच, ही ती गोष्ट. तेथे 'ब्राव्हो' नावाचा मजकूर लिहिण्याचा प्रोग्रॅम वापरात होता. त्यात आज्ञा देण्याची अवस्था वेगळी आणि मजकूर लिहिण्याची वेगळी. आपण कोणत्या अवस्थेत आहोत हे विसरून एखाद्याने 'एडिट' हा शब्द इंग्रजी अक्षरांत टंकला तर काय होई? ई म्हणजे सगळा मजकूर निवडा, डी म्हणजे तो पुसा, आय म्हणजे नवे लिहायला घ्या, आणि मग नव्याने लिहिले जाई ते टी हे एकच अक्षर. सगळा लेख जाऊन पडद्यावर एकटा टी उरे. टेस्लर यांनी पुढे आपल्या मोटारीच्या पाटीवर 'नो मोड्स' अशी अक्षरे घेतली होती. २०२० मध्ये ते वारले.

आपले काम चालू असताना उघडणारी आणि उत्तर दिल्याशिवाय हटणार नाही असे बजावणारी चौकट ही याच दोषाचे टोक आहे. ती उघडते त्या क्षणी सगळ्या कळांचा अर्थ बदलतो. गंमत अशी की टेस्लर १९८० मध्ये ॲपल कंपनीत गेले आणि १९८३ मध्ये बाजारात आलेल्या 'लिसा' संगणकात अशा चौकटी आल्याच. त्यांतल्या होकाराच्या बटणावर प्रथम 'डू इट', म्हणजे 'कर', असे लिहिले होते. नवख्या माणसांना बसवून चाचण्या घेतल्या तेव्हा काही जण त्या बटणाला हातच लावेनात. त्या ठशात मोठा आय आणि छोटा एल जवळजवळ सारखेच दिसत, त्यामुळे लोक ते 'डोल्ट' असे वाचत होते. डोल्ट म्हणजे मठ्ठ. संगणक आपल्याला मठ्ठ म्हणतो, असे वाटून एक जण चक्क रागावला. मग बटणावर 'ओके' आले. जगभर रोज दाबले जाणारे ते बटण असे आले आहे.

लिसावर आणि १९८४ च्या मॅकिंटॉशवर एक चांगली सोयही होती, ती म्हणजे केलेली कृती मागे घेण्याची. आमच्या मते या साऱ्या प्रकरणात हीच खरी महत्त्वाची कल्पना आहे. 'तुम्हाला नक्की पुसायचे आहे का?' असे विचारण्याऐवजी खुशाल पुसू द्यावे आणि चूक झाली तर परत आणून द्यावे. कचऱ्याची टोपली हे त्याचेच रूप आहे. पण मागे घेण्याची सोय करायची तर प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला जुनी स्थिती जपून ठेवावी लागते, आणि ते कष्टाचे काम आहे. प्रश्न विचारणे सोपे असते. प्रश्न विचारला की जबाबदारी उत्तर देणाऱ्यावर जाते. बऱ्याच चौकटी या आळसातून आल्या आहेत, असे आम्हाला वाटते.

पुढे एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम चालू लागले तेव्हा त्रास वाढला. आपण पत्र लिहीत असताना दुसराच एखादा प्रोग्रॅम उसळी मारून पुढे येई आणि पत्रातली अक्षरे त्याच्या पोटात जात. विंडोज ९८ पासून मायक्रोसॉफ्टने याला आळा घातला. माणूस एका खिडकीत काम करत असेल तर दुसऱ्या प्रोग्रॅमने आपली खिडकी पुढे ढकलायची नाही. पडद्याच्या तळाशी त्याचे बटण फक्त लुकलुकेल. शिपायाने वर्गात न घुसता दाराशी उभे राहावे, तसे. यासाठी ठरवलेली मुदत २,००,००० मिलिसेकंद, म्हणजे तीन मिनिटे वीस सेकंद होती. यंत्राला जी सवलत १९५० च्या दशकात मिळाली होती ती माणसाला मिळायला चार दशके लागली.

इंटरनेटवर तर दारच सताड उघडे होते. १९९५ च्या अखेरीस नेटस्केप कंपनीने जावास्क्रिप्ट ही भाषा जाहीर केली. तिच्यातल्या एका ओळीच्या आज्ञेने नवी खिडकी उघडता येई. अमेरिकेतील 'ट्रायपॉड' या संस्थेत लोकांना आपापली पाने फुकट बनवू दिली जात आणि खर्च जाहिरातींतून निघे. एका मोटार कंपनीला आपली जाहिरात एका अश्लील पानावर झळकलेली दिसली आणि ती संतापली. पान आणि जाहिरात यांची सांगड दिसू नये म्हणून ईथन झुकरमन या तेथील तरुणाने जाहिरात वेगळ्या खिडकीत उघडणारा प्रोग्रॅम लिहिला. पुढे काय झाले ते सर्वांनी भोगले आहे. झुकरमन यांनी २०१४ मध्ये एका लेखात याबद्दल जाहीर माफी मागितली. तोवर इलाजही झाला होता. ऑपेरा, मग २००२ मध्ये मोझिला आणि २००४ मध्ये विंडोजसोबत मिळणारा ब्राउझर, यांनी या खिडक्या अडवायला सुरुवात केली. नियम साधा होता. माणसाने क्लिक केल्यामुळे खिडकी उघडत असेल तर उघडू द्यायची, आपोआप उघडत असेल तर नाही. १९७० च्या दशकातल्या 'बोलावल्यावरच येणे' या शिस्तीकडे हे एक प्रकारे परत जाणेच होते.

माणूस थांबवला गेला की त्याचे काय होते, याचाही या काळात अभ्यास झाला. संगणकाप्रमाणे आपल्याला हातातले आकडे लिहून ठेवून परत मांडता येत नाहीत. मनात धरलेले बरेचसे निसटून जाते. इलिनॉय विद्यापीठात ब्रायन बेली आणि शमसी इक्बाल यांनी दाखवले की कामाचा एक टप्पा संपून दुसरा सुरू होण्याच्या सांध्यावर व्यत्यय आला तर त्रास कमी होतो. फळ्यावरची पायरी पुरी करून मगच दाराकडे वळणाऱ्या शिक्षकांना हे ठाऊकच असते. ग्लोरिया मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००८ चा निष्कर्ष मात्र अनपेक्षित होता. व्यत्यय आलेल्या माणसांनी काम उलट लवकर पुरे केले. ती घाई करत होती, आणि त्याची किंमत मनावरच्या ताणाच्या रूपाने मोजत होती.

सततच्या प्रश्नांनी आणखी एक नुकसान होते. २००७ मध्ये आलेल्या विंडोज व्हिस्टाने सुरक्षिततेसाठी पावलोपावली परवानगी विचारायला सुरुवात केली. लोक इतके कंटाळले की न वाचता होकार देऊ लागले, आणि २००९ च्या पुढच्या आवृत्तीत हे विचारणे कमी करावे लागले. त्याच वर्षी कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी ब्राउझरमधील धोक्याच्या इशाऱ्यांवर प्रयोग केले, तेव्हा बरेच लोक इशारा ओलांडून सरळ पुढे गेले. आमच्याकडे यात भाषेची भर पडते. एका शाळेच्या संगणक कक्षात आम्ही गेलो होतो. एका मुलीच्या पडद्यावर इंग्रजी चौकट उघडली आणि तिने ती क्षणात मिटवली. बाईंनी विचारले, "काय लिहिलं होतं गं त्यात?" ती म्हणाली, "माहीत नाही बाई. ओके केलं की जातं ते." सातवीतली मुलगी. तिने काही चुकीचे शिकले आहे, असे आम्हाला म्हणवेना. शंभरांतल्या नव्याण्णव चौकटींच्या बाबतीत तिचे म्हणणे खरेच होते.

आणि उरलेल्या एका चौकटीवर टपून बसणारेही असतात. २००४ मध्ये एका संशोधकाने मोझिला ब्राउझरमधला असा सापळा दाखवून दिला. एखादे पान आपल्याला 'ओन्ली' हा शब्द इंग्रजीत टंकायला सांगते. आपण ओ, एन, एल अशी अक्षरे दाबत असतानाच ते पान एक प्रोग्रॅम बसवू पाहते आणि 'बसवू का?' असे विचारणारी चौकट उघडते. आपले बोट मात्र शेवटच्या वायकडे निघालेले असते, आणि वाय म्हणजे 'येस'. डोळ्यांनी चौकट पाहण्याआधीच होकार गेलेला असतो. यावर उपाय असा केला गेला की चौकट उघडल्यावर पहिले काही सेकंद होकाराचे बटण मंद राहील आणि दाबले तरी दबणार नाही. पुष्कळांना हा ब्राउझरचा संथपणा वाटला. अपोलोच्या अंतराळवीरांना पाच अंक मोजायला सांगितले होते, ते इथे बटणच मोजत होते.

आमच्या प्रयोगशाळेतला तो प्रोग्रॅम आम्ही नंतर बदलून घेतला. आता तो कोणालाही काही विचारत नाही. जे सांगायचे ते वेळ घालून एका फाइलमध्ये लिहितो आणि नोंदी घेत राहतो. हेलियमची पातळी फारच खाली गेली तर मात्र घंटा वाजवतो. सकाळी आल्यावर आम्ही ती फाइल वाचतो. प्रिंटरमधला कागद अजूनही रात्रीच संपतो.